मुलीच्या बाळंतपणासाठी आई-वडिलांचा अमेरिकेचा बी-२ व्हिसा: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

अमेरिकेत एच-१बी, एल-१ (नोकरी) किंवा एफ-१ (शिक्षण) व्हिसावर राहणाऱ्या मुलीला किंवा सुनेला दिवस गेले, की बाळंतपणासाठी आधी कोणी जायचे हे दोन्ही घरांत ठरते आणि मग व्हिसाचा विषय निघतो. या व्हिसांवर राहणाऱ्यांना जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले अवलंबित म्हणून नेता येतात, आई-वडिलांना मात्र तशी सोय नाही. त्यांना स्वतःच्या नावाने अभ्यागत व्हिसा घ्यावा लागतो. भारतीयांना तो सहसा बी-१ (व्यावसायिक कामे) आणि बी-२ असा एकत्र आणि दहा वर्षांच्या मुदतीचा मिळतो. पर्यटन, नातेवाइकांची भेट आणि वैद्यकीय उपचार ही बी-२ ची मान्य कारणे असल्यामुळे प्रसूतीच्या काळात मुलीजवळ राहण्यासाठी जाणे त्यात सरळ बसते.

सर्वांत आधी वेळेचा विचार करावा, कारण या कामात सर्वाधिक घोटाळा तेथेच होतो. मुलीच्या प्रसूतीची तारीख जवळ आली आहे, एवढ्या कारणावर मुलाखत लवकर मिळेल असा अनेकांचा समज असतो. तातडीच्या मुलाखतीची सोय आहे, पण ती जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, गंभीर आजार अशा प्रसंगांसाठी आहे. लग्नसमारंभ, पदवीदान समारंभ आणि गर्भवती नातेवाइकाच्या मदतीसाठी केलेला प्रवास या कारणांसाठी तातडीची वेळ मिळत नाही, असे अमेरिकी दूतावासांच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेले आहे. प्रसूतीत खरोखरच गंभीर गुंतागुंत झाली असेल, तर डॉक्टरांच्या पत्रासह विनंती करता येते. मात्र त्यासाठीही आधी शुल्क भरून नेहमीची वेळ घेतलेली असावी लागते. मुंबईतील प्रतीक्षा कधी काही महिन्यांची असते, तर २०२२ च्या अखेरीस ती दोन वर्षांच्याही पुढे गेली होती. म्हणून बातमी कळल्यावर पहिल्या तिमाहीतच, किंबहुना कुटुंबाचा तसा विचार असेल तर त्याही आधी, अर्ज करून ठेवणे शहाणपणाचे ठरते. दहा वर्षांचा व्हिसा हाती असला तर तो वाया जात नाही.

पात्रतेचा मुद्दा अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४(बी) मध्ये आहे. अर्जदार कायमचा राहण्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरण्याची आणि तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकण्याची भूमिका हा कायदा घेतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की अधिकारी मुलीचा पगार किंवा तिचे घर पाहून निर्णय देत नाही. आई-वडिलांचे भारतात काय आहे आणि ते परत का येतील, हे तो पाहतो. वडिलांची नोकरी किंवा निवृत्तिवेतन, स्वतःचे घर, शेती, चालू व्यवसाय, भारतात राहणारा मुलगा किंवा दुसरी मुलगी, घरातील वृद्धांची जबाबदारी, या गोष्टी येथे वजनदार ठरतात. मुलीने पाठवलेले आमंत्रणपत्र किंवा आय-१३४ हे आर्थिक हमीचे प्रपत्र बी-२ साठी आवश्यक नाही, असे अमेरिकेचे परराष्ट्र खाते स्वतःच सांगते. असे पत्र जोडल्याने नुकसान होत नाही, पण आई-वडिलांची स्वतःची बाजू कमकुवत असेल तर ते पत्र ती सावरत नाही. जावयाच्या कंपनीचे नाव कितीही मोठे असले, तरी अर्ज सासू-सासऱ्यांचाच राहतो.

प्रसूतीचे कारण सांगावे की लपवावे, हा प्रश्न हमखास विचारला जातो. काही एजंट ‘फक्त फिरायला जातो म्हणा’ असा सल्ला देतात, तो ऐकू नये. खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे आढळले, तर अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी येऊ शकते. खरे कारण तर मुळातच कायदेशीर आहे, त्यामुळे लपवण्यासारखे काही नाही. जानेवारी २०२० मध्ये लागू झालेल्या नियमानुसार, मुलाला नागरिकत्व मिळावे म्हणून स्वतः अमेरिकेत प्रसूत होणे हाच प्रवासाचा मुख्य उद्देश असलेल्या व्यक्तीला बी-२ नाकारला जातो. तेथे आधीपासून राहणाऱ्या मुलीला भेटायला जाणाऱ्या आजी-आजोबांशी त्या नियमाचा संबंध नाही. शब्द मात्र जपून वापरावेत. या व्हिसावर नोकरी करता येत नाही. ‘मुलगी कामावर जाणार, म्हणून वर्षभर बाळ सांभाळायला जात आहोत’ असे उत्तर दिले, तर पगारी सांभाळणारीच्या जागी आजीला नेत असल्याचा आणि मुक्काम लांबणार असल्याचा संशय निर्माण होतो. ‘मुलीची प्रसूती अमुक महिन्यात आहे, त्या वेळी तिच्याजवळ राहून अमुक महिन्यात परत येणार’ हे उत्तर खरेही आहे आणि पुरेसेही.

अर्जाची सुरुवात डीएस-१६० या ऑनलाइन प्रपत्राने होते. आई आणि वडील या दोघांचे प्रपत्र स्वतंत्र भरावे लागते. सुरुवातीला मिळणारा अर्ज क्रमांक लिहून ठेवावा आणि प्रत्येक पानानंतर माहिती जतन करावी, कारण काही वेळ पान तसेच उघडे राहिले तर संकेतस्थळ बंद पडते आणि भरलेला मजकूर जातो. प्रपत्र बहुधा मुलगी किंवा जावई तिकडून भरतात. त्याला हरकत नाही, मात्र दुसऱ्याने मदत केल्याचे त्यात नमूद करण्याची जागा आहे, ती भरावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भरलेले प्रपत्र आई-वडिलांना वाचून दाखवावे. मुलाखतीत प्रश्न त्यांना विचारले जाणार आहेत आणि प्रपत्रातली तारीख एक, तोंडची दुसरी, असे झाले तर विनाकारण शंका येते.

महाराष्ट्रातील कुटुंबांची खरी अडचण नावांच्या ठिकाणी होते. आपल्याकडे पहिले नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रीत आहे. पासपोर्टवर मधले नाव बहुधा पहिल्या नावासोबत छापलेले असते. डीएस-१६० मध्ये पासपोर्टप्रमाणेच लिहावे, शाळेच्या दाखल्याप्रमाणे नव्हे. आईचे लग्नानंतर आडनाव बदललेले असते आणि जुन्या पिढीत कित्येकींचे पहिले नावही बदललेले असते. पूर्वी वापरलेल्या इतर नावांच्या रकान्यात माहेरचे संपूर्ण नाव द्यावे. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र सोबत ठेवावे. विवाहाची नोंदणीच झालेली नसेल, तर ती ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आताही करून घेता येते आणि पुढेही उपयोगी पडते.

याच प्रपत्रात मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची माहिती, परदेश प्रवास, पूर्वी नाकारलेला व्हिसा, अमेरिकेतील जवळचे नातेवाईक आणि प्रवासाचा खर्च कोण करणार हे विचारले जाते. खर्च मुलगी करणार असेल तर तसेच लिहावे. तुमच्यासाठी स्थलांतराचा अर्ज कोणी केला आहे का, असाही एक प्रश्न आहे. मुलगी २१ वर्षांवरील अमेरिकी नागरिक असेल आणि तिने आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डची आय-१३० याचिका दाखल केली असेल, तर उत्तर ‘हो’ असेच द्यावे लागते. अशा वेळी परत येण्याचा हेतू पटवणे अवघड जाते. म्हणून ग्रीन कार्डची याचिका विचारात असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

छायाचित्र दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, गेल्या सहा महिन्यांतील आणि चष्म्याविना असावे. व्हिसा अर्जाचे शुल्क जून २०२३ पासून प्रत्येकी १८५ डॉलर आहे. ते रुपयांत भरता येते, निकाल काहीही लागला तरी परत मिळत नाही आणि भरल्यापासून एका वर्षाच्या आत मुलाखतीची वेळ घ्यावी लागते. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यात व्हिसा मंजूर झाल्यावर आकारायच्या २५० डॉलरच्या अतिरिक्त शुल्काची तरतूद आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर एकूण रक्कम तपासून घ्यावी. पती-पत्नींना एकाच खात्यात जोडून मुलाखतीची एकच वेळ घ्यावी. जानेवारी २०२५ पासून भारतात ही वेळ एकदाच विनामूल्य बदलता येते, त्यानंतर शुल्क नव्याने भरावे लागते. त्यामुळे स्लॉट निवडताना गावचे लग्न, पेरणी आणि वडिलांची डॉक्टरांची तारीख आधीच पाहून ठेवावी.

दोन भेटी द्याव्या लागतात. पहिली व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि छायाचित्रासाठी, दुसरी वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या क्षेत्रात येतात आणि तो वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तरीही भारतातील रहिवाशाला दिल्ली, चेन्नई, हैदराबाद किंवा कोलकाता येथेही मुलाखत देता येते. मुंबईत तारखा मिळत नसतील तेव्हा सोलापूर-नांदेडकडच्या मंडळींना हैदराबाद सोयीचे पडते. पूर्वी ७९ वर्षांवरील ज्येष्ठांना मुलाखतीतून सूट होती, ती २०२५ च्या सप्टेंबरपासून सरसकट राहिलेली नाही. मराठीत ज्याला सगळे ‘ड्रॉपबॉक्स’ म्हणतात, ती मुलाखतीविना नूतनीकरणाची सोय आता आधीचा पूर्ण मुदतीचा बी व्हिसा संपून बारा महिन्यांच्या आत अर्ज करणाऱ्यांपुरती उरली आहे आणि त्यांनाही अधिकारी मुलाखतीला बोलावू शकतो.

मुलाखतीला पासपोर्ट, डीएस-१६० ची पुष्टी आणि भेटीचे पत्र अनिवार्य आहे. जुने पासपोर्टही न्यावेत. बाकीची कागदपत्रे अधिकारी मागेल तरच दाखवायची असतात आणि बहुतेक वेळा तो मागतच नाही. तरीही एका फाइलमध्ये निवृत्तिवेतनाचा आदेश किंवा नोकरीचे आणि रजेचे पत्र, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणे, बँकेचे खातेउतारे, मुदत ठेवींच्या पावत्या, घराचा करारनामा, शेती असल्यास सातबारा, मुलीच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, तिच्या नोकरीच्या व्हिसाचा अर्ज मंजूर झाल्याचे आय-७९७ पत्र, पगाराच्या अलीकडच्या पावत्या आणि प्रसूतीची अपेक्षित तारीख असलेले डॉक्टरांचे पत्र ठेवावे. सातबारा मराठीत असतो. त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत असलेले बरे. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नये, त्यातून उलटाच प्रश्न निघतो. मोबाइल आत नेता येत नाही, याची आठवण आई-वडिलांना आदल्या रात्री करून द्यावी.

मुलाखत काही मिनिटांचीच असते. मुंबईत ती मराठीतही होऊ शकते आणि मोडक्या इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी केव्हाही चांगली. कोणाकडे जाता, ती काय करते, किती दिवस राहणार, तुम्ही स्वतः काय करता, इकडे कोण आहे, एवढेच प्रश्न साधारणपणे येतात. प्रश्न वडिलांना विचारला तर उत्तर वडिलांनीच द्यावे. मुलीचे काम आणि शहर आईलाही ठाऊक असावे.

व्हिसा मंजूर झाला की पासपोर्ट ठेवून घेतला जातो आणि शिक्का लागून काही दिवसांनी परत मिळतो. तोपर्यंत परतावा न मिळणारी तिकिटे काढू नयेत. २२१(जी) चा कागद मिळाला तर अर्ज संपलेला नसतो. त्यात मागितलेले कागद द्यावे लागतात किंवा पडताळणी होईपर्यंत थांबावे लागते. २१४(बी) खाली नकार मिळाला तर अपील नाही. नवे प्रपत्र आणि नवे शुल्क भरून पुन्हा अर्ज करता येतो. परिस्थितीत काही बदल झालेला नसताना पुढच्याच आठवड्यात केलेला अर्ज सहसा त्याच कारणाने परत येतो.

व्हिसाची दहा वर्षे म्हणजे मुक्कामाची दहा वर्षे नव्हेत. अमेरिकेच्या विमानतळावरील अधिकारी प्रवेश देताना मुक्कामाची अखेरची तारीख ठरवतो. ती आय-९४ या नोंदीत असते आणि बहुधा सहा महिन्यांनंतरची असते. उतरल्यावर ही नोंद संकेतस्थळावरून काढून तारीख तपासावी. सामानात डिंकाचे लाडू किंवा बाळंतिणीचा मसाला असेल, तर सीमाशुल्काच्या प्रश्नाला ‘खाद्यपदार्थ आहेत’ असेच सांगावे, न सांगितल्यास दंड होऊ शकतो. प्रवासी आरोग्य विमा निघण्यापूर्वी घ्यावा आणि मधुमेह, रक्तदाब यांसारख्या आधीच्या आजारांवर काय मिळते हे त्यातल्या अटींत वाचावे. अनेक योजनांत ते फारच मर्यादित असते.

मुक्काम वाढवण्याची खरी गरज पडली, उदाहरणार्थ शस्त्रक्रियेने प्रसूती होऊन मुलीची प्रकृती सावरायला वेळ लागला, तर आय-९४ ची तारीख उलटण्यापूर्वी आय-५३९ अर्ज डॉक्टरांच्या पत्रासह दाखल करावा लागतो. त्याशिवाय अधिक राहिल्यास तो व्हिसा आपोआप रद्द होतो आणि बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त झाला, तर भारतात परतल्यावर तीन वर्षे अमेरिकेत प्रवेशबंदी लागू होते. आधी मुलीची आई आणि ती परतल्यावर सासूबाई, असे ज्या घरांत ठरते, त्यांना ही अडचण सहसा येत नाही. मात्र सासूबाईंचाही अर्ज त्याच पहिल्या तिमाहीत करून ठेवावा लागतो, कारण त्यांच्या मुलाखतीची रांगही तीच असते.