पाणीपुरवठा व मलनिःसारण यंत्रणांचा पर्यायी वीजपुरवठा (मराठवाडा)

महावितरणचा पुरवठा खंडित झाला तरी उपसा पंप, जलशुद्धीकरण केंद्र आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालू राहावे, निदान नुकसान न होता थांबावे, यासाठी केलेली व्यवस्था. दुसरा फीडर (उपकेंद्रातून येणारी वीजवाहिनी), डिझेल जनित्र, बॅटरी आणि सौर पंप हे तिचे नेहमीचे घटक. उंचावर साठवलेले पाणीही त्यातच धरायला हवे. मराठवाड्यात तर तेच बहुधा सर्वांत भरवशाचे.

या विभागातील बहुतेक मोठी शहरे पाणी दुरून किंवा खालून उपसून आणतात. छत्रपती संभाजीनगर आणि जालना पैठणच्या जायकवाडीवर अवलंबून आहेत, नांदेड विष्णुपुरीवर, तर लातूर धनेगावच्या मांजरा धरणावर. सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, नहरीने (जमिनीखालच्या जलवाहिनीने) पाणी आणले ते निव्वळ उतारावर. आज नाथसागराचे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचे, पाणी शहरात पोहोचायला शंभर मीटरहून अधिक चढते: जायकवाडीच्या पंपगृहातून फारोळ्याच्या शुद्धीकरण केंद्रात, तिथून नक्षत्रवाडीच्या टेकडीवर, आणि मग कुठे उताराने शहरात. या साखळीत कुठल्याही एका ठिकाणची लाइट गेली की सगळे थांबते.

मग मोठे जनित्र का बसवत नाहीत, असा प्रश्न नागरिक दर उन्हाळ्यात विचारतात. हिशेब करून पाहावा. १० लाख लिटर पाणी १०० मीटर चढवायला पंप व मोटारीची घट धरून सुमारे ४०० युनिट वीज लागते. दिवसाला १० कोटी लिटर उपसायचे तर अखंड सुमारे १,६०० किलोवॅट हवेत. डिझेल जनित्र लिटरमागे साडेतीन युनिटच्या आसपास देते. म्हणजे तासाला साडेचारशे लिटर डिझेल. शिवाय मोठी मोटार थेट सुरू करताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, त्यामुळे सॉफ्ट स्टार्टर (मोटार हळूहळू सुरू करणारे उपकरण) नसेल तर जनित्र आणखी मोठे घ्यावे लागते. म्हणून मुख्य उपशासाठी खरा पर्याय म्हणजे एक्स्प्रेस फीडर (वाटेत दुसरे ग्राहक नसलेली थेट वाहिनी), आणि शक्यतो दुसऱ्या उपकेंद्रावरून आलेला दुसरा फीडर. दोन्ही फीडर एकाच खांबावरून आणले असतील, तर वळवाच्या पहिल्या वादळातच ती सोय कागदावरची ठरते.

खंडित होण्याचा काळ पाच मिनिटांचा असला तरी नळाला पाणी एक दिवस उशिरा का येते, याचे कारण पाइपलाइनमध्ये आहे. पंप अचानक थांबला की पुढचे पाणी आपल्या वेगाने धावत राहते, मागे दाब उतरतो, काही ठिकाणी पाण्याचा स्तंभ तुटतो. मग तेच पाणी चढावरून उलटे येते आणि मिटलेल्या झडपेवर आदळते. पोलादी नळात वेग सेकंदाला १ मीटरने एकदम बदलला, तर सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याएवढा जादा दाब उठतो. जुनी, गंजलेली लाइन तिथेच फुटते. वेल्डिंग, लाइन पुन्हा भरणे, हवा काढणे यात तास जातात, आणि ज्या शहरात मुळातच काही दिवसांआड पाणी सुटते तिथे सगळे वेळापत्रक पुढे ढकलले जाते. हा धक्का जनित्र रोखू शकत नाही. ते सुरू होऊन भार घेईपर्यंत काही सेकंद जातात आणि तोवर पंप थांबलेला असतो. त्यासाठी एअर व्हॉल्व्ह (नळात हवा आत-बाहेर सोडणारी झडप), नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप), सर्ज टाकी (दाबाचा धक्का झेलणारी टाकी) हीच साधने लागतात. त्यांची देखभाल मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर नसते.

जनित्र शोभते ते छोट्या भारांसाठी: क्लोरीन मात्रा यंत्र, नियंत्रण पॅनेल, फिल्टर धुण्याचे पंप, दिवे. जलकुंभातले पाणी उताराने वाहत राहील, पण नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन हवाच.

सांडपाण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त निकडीचा, कारण त्याला थांबवून ठेवता येत नाही. लाइट गेली तरी घरोघरच्या गच्चीवरच्या टाक्या रित्या होत असतात आणि ते पाणी उताराने मलनिःसारण पंपगृहात येतच राहते. तिथली विहीर मुद्दाम लहान ठेवतात, नाहीतर मैला सडतो. त्यामुळे सकाळच्या गर्दीच्या वेळी अर्ध्या तासात ती भरते, सखल भागातली मॅनहोल उसळतात किंवा पाणी नाल्यात सोडावे लागते. संभाजीनगरात नाला म्हणजे शेवटी खाम नदी, आणि खाम पुढे गोदावरीला मिळते. प्रक्रिया केंद्रात हवा देणारे ब्लोअर बंद पडले तर मैला पचवणारे जिवाणू काही तास तग धरतात. त्याहून लांबले की गाळ कुजू लागतो आणि केंद्राची घडी पुन्हा बसायला दिवस लागतात. सगळे ब्लोअर जनित्रावर चालवण्याची गरज नसते. एकेक टाकी आळीपाळीने हलती ठेवली तरी निभावते. नळ कोरडा पडला की मोर्चा येतो, मैलापंप बंद पडल्याची तक्रार मात्र क्वचितच होते. खरेदीच्या यादीत तो खाली राहतो याचे कारण बहुधा हेच.

बसवलेले जनित्र ऐनवेळी सुरू न होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे उतरलेली बॅटरी. आठवड्याला एकदा ते चालवून पाहावे, तेही भार देऊन. रिकामे किंवा फार कमी भारावर चालवले की अर्धवट जळालेले डिझेल आणि काजळी धुराड्यात साचते. मे महिन्यात ४२-४३ अंशांत पत्र्याच्या खोलीतले यंत्र पाटीवर लिहिलेली क्षमता देत नाही, हेही खरेदीच्या वेळी धरावे लागते.

खेड्यात अडचण आणखी वेगळी. गावठाणाचा फीडर वेगळा झाल्यावर घरात वीज टिकू लागली, पण योजनेची विहीर शिवारात असेल तर ती अनेकदा शेतीच्या फीडरवरच असते, म्हणजे थ्री फेज ठरावीक तासच आणि पाळी रात्रीची असेल तर रात्रीच. त्यातला एक फेज गेला की संरक्षक रिले (अशा वेळी मोटार आपोआप बंद करणारे उपकरण) नसलेली मोटार जळते. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला तर तो बदलून येईपर्यंत टँकर. ग्रामपंचायतीचे बिल थकल्यावर जोडणीच तोडली जाते, तिथे कुठलेही जनित्र कामाचे नाही. लहान वस्त्यांवर सौर दुहेरी पंप योजना यातून बऱ्याच सुटल्या आहेत: एकाच विंधन विहिरीत सौर पंप आणि हातपंप, वर ५,००० लिटरची टाकी. दिवसा उन्हावर टाकी भरते, रात्री नळ तिच्यावर चालतात, आणि ढगाळ आठवड्यात हापसा असतोच. अर्थात बोअरला पाणी असेपर्यंत. एप्रिलनंतर तेही अनेक गावांत खात्रीचे नसते.