सुरीची मूठ: सांबरशिंगापासून वाड्याच्या चौकटीपर्यंत

हाताने घडवलेल्या सुरीविषयी बोलणं निघालं की सगळे पात्याकडे पाहतात. पोलाद कुठलं, पाणी कसं दिलं, धार किती टिकते. पण रोजच्या वापरात आधी दगा देते ती मूठ. आमच्या घरच्या विळ्याचं पातं आजीच्या वेळचं आहे. मूठ माझ्या आठवणीत तीनदा बदलली. सध्या जुन्या लाकडाच्या आणि शिंगाच्या मुठींना पुन्हा मागणी आली आहे. त्यामागच्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या जंगलातून जातो.

गावच्या लोहाराला मुठीसाठी लाकूड शोधत हिंडावं लागत नसे. बांधावरची बाभूळ चिवट आणि टणक. तिची वाळलेली फांदी पुरे. पात्याची मागची निमुळती शेपटी भट्टीत लाल करायची आणि मुठीला पाडलेल्या बारीक भोकात ठोकायची. लाकूड आतून जळतं आणि शेपटीपुरतीच जागा करून देतं. चर्र आवाज, पांढरा धूर, करपल्याचा वास. तोंडाशी मूठ उकलू नये म्हणून लोखंडी कडी घालायची, की झालं. गावोगाव फिरणारे घिसाडी रस्त्याकडेला पाल टाकून आजही असंच काम करतात. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण घालते. पातंसुद्धा बहुतेक वेळा भंगारातलंच, ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं. म्हणजे टाकाऊ पोलाद आणि जवळचं लाकूड ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

सुऱ्यांसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराची गोष्ट वेगळी. तिथल्या सुरीकारांचा संघ 1624 साली कायद्याने स्थापन झाला. एकोणिसाव्या शतकात साम्राज्य पसरलं तसा मुठींचा मालही समुद्रापारहून येऊ लागला: आफ्रिकेतला हस्तिदंत, उष्ण समुद्रांतले मोत्याचे शिंपले आणि हिंदुस्थानातलं सांबरशिंग. सांबराच्याच शिंगाला एवढा मान का, हे ते आडवं कापलं की कळतं. बऱ्याच हरणांच्या शिंगांचा गाभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो. सांबराचं शिंग त्या मानाने भरीव. बाहेरची खडबडीत तपकिरी साल तशीच ठेवली तरी आतला भाग पात्याला घट्ट धरतो, आणि ओल्या हातातूनही सुरी निसटत नाही. सांबराची शिंगं ठराविक काळाने आपोआप गळतात, त्यामुळे ती जंगलातून वेचून आणता येत. पण पोत्यात भरलेलं शिंग गळून पडलेलं की मारलेल्या जनावराचं, हे सांगणं अवघड. माझ्या मते या व्यापारातली खरी अडचण हीच होती.

विसाव्या शतकात शिंगाच्या मुठीला नवं वलय दिलं ते अमेरिकेतल्या विल्यम स्केगलने. मिशिगनमध्ये एकट्याने राहणारा हा कारागीर शिंग आणि चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून मुठी करी. 1937 च्या सुमारास बो रँडल यांनी त्याची एक सुरी पाहिली. एक माणूस तिने बोटीचा रंग खरवडत होता, तरी धार गेलेली नव्हती. रँडल स्वतः सुऱ्या करू लागले. पुढे 1970 मध्ये अमेरिकेतल्या सुरीकारांचा गिल्ड, म्हणजे संघ, उभा राहिला आणि 1976 मध्ये बिल मोरन यांच्या पुढाकाराने घडाई करणाऱ्यांची संस्था. हौशी माणसांनी घरामागच्या शेडमध्ये सुऱ्या घडवण्याची आजची लाट तिथून सुरू झाली.

तोवर इकडे दारं मिटू लागली होती. भारतात 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढे तो कडक होत गेला आणि सांबरशिंगाची निर्यातही थांबली. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1989 मध्ये बंदीचा निर्णय झाला. ब्राझीलच्या रोजवुडवर 1992 मध्ये कडक निर्बंध आले आणि 2017 मध्ये आपल्या शिसवासकट त्याच्या डालबर्जिया या प्रजातीतल्या सगळ्या झाडांचा परदेशी व्यापार परवान्याखाली आला. हे व्हायलाच हवं होतं. सुरीच्या मुठीसाठी जंगल रिकामं करायचं, एवढी मोठी गरज कुणाचीच नाही. कारागीर मग म्हशीच्या शिंगाकडे, हाडाकडे आणि जुन्या लाकडाकडे वळले.

जुनं लाकूड ही नाइलाजाने केलेली तडजोड मुळीच नाही. ताजं लाकूड वाळताना आक्रसतं. मूठ सैल होते, पितळी रिव्हेटा वर येऊन तळहाताला टोचतात. पाडलेल्या वाड्याच्या चौकटीतलं सागवान किंवा शिसव शंभर पावसाळे पाहून स्थिरावलेलं असतं. त्याच्या खोडी वेगळ्या. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी ते ॲसिटोनने पुसून घ्यावं लागतं, नाहीतर जोड धरत नाही. करवत चालवण्याआधी चुंबक फिरवून आत मोडलेले खिळे शोधावे लागतात. खिळा उपटला तरी त्याची खूण राहते: लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य मिळून भोकाभोवती निळसर काळं वलय धरतं. पूर्वी तेवढा तुकडा कापून टाकत. आता काही कारागीर लाकूड आखतानाच ते वलय बरोबर अंगठ्याखाली येईल असं बघतात.