टीव्हीत केशरी दिवाच नसतो

नागपुरात होळी झाली की घरोघरी कूलर निघतात. आमचाही निघाला. नवी खस लावून सुरू केला तर त्याचा एक थेंब उडून थेट टीव्हीवर बसला. बातम्यांत कळमना बाजारातले संत्र्यांचे ढीग दाखवत होते. माझी सहा वर्षांची भाची पडद्याला नाक लावून ओरडली, "मामा, थेंबात संत्रं नाहीच! लाल अन् हिरवं काहीतरी आहे!"

बरोबर बघितलं पोरीनं. थेंब भिंगाचं काम करतो. (तुम्ही मात्र भिंगच घ्या. थेंब टाकलात तर आईशी गाठ आहे.) फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० चौकोनी ठिपके असतात, म्हणजे २० लाखांहून जास्त. प्रत्येक ठिपक्यात तीन कप्पे: लाल, हिरवा, निळा. केशरी एकही नाही! संत्रं दाखवायचं तर लाल भरपूर, हिरवा त्याच्या साधारण निम्मा. कप्पे इतके बारीक की आपला डोळा दोन्ही उजेड एकत्र करून केशरी बघतो.

"अन् निळा काय करतो? झोपतो?"

संत्र्यापुरता झोपतो. आभाळ दाखवलं की उठतो.

कोणता कप्पा किती उजळायचा, याचे आकडे तेवढे टीव्हीकडे येतात, अँटेनातून नाहीतर केबलमधून. टोपली उचलणारा माणूसही खरं म्हणजे हलत नाही. सेकंदाला २५ स्थिर चित्रं एकामागून एक येतात. कूलरच्या पंख्याची पाती फिरताना सुटी दिसतात का? चकतीच दिसते. ही तीच गंमत.

पहिला टीव्ही तर अगदीच जुगाड होता. स्कॉटलंडच्या जॉन लोगी बेअर्ड यांनी बिस्किटाचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं असं काहीबाही जमवलं. भोकं पाडलेली चकती गरगर फिरायची आणि समोरचा चेहरा रेघारेघांनी टिपायची. चेहरा बाहुल्याचा, कारण दिवे इतके तापायचे की माणूस बसेना. १९२५ साली बाहुला नीट दिसला, तेव्हा बेअर्ड धावत खाली गेले आणि ऑफिसातल्या एका पोऱ्याला पकडून आणलं. त्यालाही चटके बसले, म्हणून हातावर थोडे पैसे ठेवावे लागले!

तिकडे अमेरिकेत फिलो फार्न्सवर्थ हा १४ वर्षांचा मुलगा शेत नांगरत होता. नांगराचे तास बघून त्याला सुचलं, असं सांगतात, की चित्रही असंच रेघेला रेघ लावून काढता येईल, आणि तेही चकतीशिवाय, विजेच्या झोतानं. १९२७ साली त्यानं पडद्यावर पहिलं चित्र आणलं: एक साधी रेघ.

आमचा जुना डब्बा टीव्ही तसाच चालायचा. चित्रामागे ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं. गुणा बरं: १५,६२५ रेघा! त्या वेगामुळे टीव्हीतून बारीक चीं असा आवाज यायचा. आम्हा पोरांना तो दुसऱ्या खोलीतही कळायचा. टीव्हीसमोरच बसलेल्या आजोबांना मात्र कधीच ऐकू आला नाही.