डोळे मिटले की जमीन हरवते

मावशी दिवसा अंगणात नीट चालायची. तुळशीवृंदावनासमोर डोळे मिटून हात जोडले, की मात्र झोक जायचा. पेडण्याच्या घरात सगळ्यांना तो अशक्तपणा वाटला. त्याआधी दीड महिना उलट्यांमुळे तिच्या पोटात काही ठरत नव्हतं.

शरीरातला थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतो. खाणं थांबलं की दोन-तीन आठवड्यांत तो आटतो. साखरेतून ऊर्जा काढायला मज्जातंतूंना आणि मेंदूला थायमिन लागतंच. ते संपलं की कमरेपासून तळपायांपर्यंत गेलेले सर्वांत लांब तंतू टोकाकडून सुकू लागतात. मावशीचं हेच झालं होतं. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग व्यायाम. उशीर झाला, तर मेंदूचं नुकसान कायमचं राहू शकतं.

(आपल्याकडच्या उकड्या तांदळाच्या पेजेला मी फार मानतो. सालासकट भात उकडताना कोंड्यातलं थायमिन दाण्यात शिरतं आणि सडून कोंडा काढल्यावरही बरंचसं टिकतं.)

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते: डोळे, आतला कान, आणि पायांचे स्नायू-सांधे-तळवे. यातल्या स्नायू-सांध्यांच्या जाणिवेला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिलं. मावशीच्या पायांकडून येणारी खबर पुसट झाली होती, डोळे ती उणीव भरून काढत होते. ते मिटले की जमीनच हरवायची.

फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिल्या दिवशी तिला चालायला लावलंच नाही. खुर्चीवर बसवून, अनवाणी, एवढंच विचारलं: “भार टाचेवर आहे की चवड्यावर?” मावशीला सांगता येईना. मग उभं राहून सावकाश भार पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. श्वास रोखायचा नाही. पुढे घडी घातलेल्या टॉवेलवर, आणि शेवटी डोळे मिटून, भिंत हाताशी ठेवून. शरीराच्या जाणिवेवर आधारलेली अशी उपचारपद्धती स्वीडनमध्ये फिजिओथेरपिस्ट गर्ट्रुड रॉक्सेंडाल यांनी विकसित केली. इथे ताकद वाढवणं दुय्यम आहे. उरलेली पुसट खबर वाचायला मेंदू सरावातून शिकतो. तंतू पुन्हा वाढतात तेही दिवसाला साधारण एक मिलिमीटर, त्यामुळे घरच्यांनी घाई करू नये. बधिर पायांनी उन्हात तापलेल्या चिऱ्यांवर अनवाणी तर मुळीच जाऊ देऊ नये. भाजलेलं कळत नाही.

आता मावशी डोळे मिटताना वृंदावनाच्या कडेला एक बोट टेकवते. त्या बोटावर भार नसतो. शरीर किती झुकलंय, एवढी खबर मेंदूला द्यायला तेवढा स्पर्श पुरतो.