पार्श्वभूमी : खुराड्याचं चित्र, पडद्यावरचं मॉडेल आणि ‘स्केल’चा गुंता

घराच्या आवारात गोठा, खुराडं, जळणाची शेड किंवा छोटं हरितगृह स्वतःच्या हाताने बांधणारी माणसं आज बहुतेक एकाच वाटेने जातात. आधी वहीत पेन्सिलीने चार-दोन चित्रं, मग संगणकावर त्रिमितीय मॉडेल, मॉडेलमधून लाकूड कापायची यादी आणि शेवटी जागेवर दोरी आणि फक्की. या वाटेचा इतिहास सांगायचा तर लोक संगणकापासून सुरुवात करतात. मला त्यात एक धागा जास्त जुना आणि जास्त महत्त्वाचा वाटतो : चित्र खऱ्या मापाचं काढायचं की लहान करून? खुराड्याचं दार बसतं की अडतं, ते पुष्कळदा इथेच ठरतं.

लहान करून काढलेले आराखडे फार जुने आहेत. सुमारे ४,१०० वर्षांपूर्वीच्या मेसोपोटेमियातल्या एका राजाच्या दगडी पुतळ्याच्या मांडीवर पाटी कोरलेली आहे. पाटीवर मंदिराच्या आवाराचा आराखडा आहे आणि बाजूला मोजपट्टी. पण आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा जुना दस्तऐवज स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या ग्रंथालयात आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून केलेल्या साधारण ११२ बाय ७७ सेंटिमीटरच्या पानावर तांबड्या शाईने एका मठाचं सगळं आवार काढलेलं आहे. त्यात चर्च आहेच, पण गाई, घोडे, शेळ्या, मेंढ्या, डुकरं यांचे गोठेही आहेत, भाजीचे वाफे आहेत, आणि दोन गोल खुराडी आहेत : एक कोंबड्यांचं, एक हंसबदकांचं, मधे राखणदाराची खोली. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी राखणदार दोन्हीकडे सारखाच जवळ असावा याचा विचार करून रेघ मारली होती, हे पाहिलं की मला आजही भरून येतं.

याच पानावर एक वाद अजून चालू आहे. चर्चची लांबी पानावर लिहिली आहे दोनशे फूट. चित्र मोजलं तर, इतर इमारतींच्या हिशेबाने, ती तीनशेच्या आसपास भरते. काही अभ्यासकांनी सगळं पान एका फुटाला एक षोडशांश इंच, म्हणजे १:१९२ या प्रमाणात काढलेलं आहे असं मांडलं. इतरांना ते पटलं नाही. त्यांच्या मते हा एक आदर्श आहे, बांधकामासाठीचं मोजून काढलेलं चित्र नव्हेच. लिहिलेलं माप खरं की काढलेलं, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

प्रत्यक्ष बांधणाऱ्यांची रीत मात्र बराच काळ वेगळी होती. इंग्लंडमधल्या यॉर्क आणि वेल्स या दोन गावांच्या कॅथेड्रलांमध्ये, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, चुन्याच्या गिलाव्याच्या जमिनी आहेत. त्यांच्यावर पाथरवट कमानी खऱ्या मापात कोरून काढत आणि त्यावरून फर्मे, म्हणजे दगड घडवायचे नमुने, कापत. सुतारही असंच करत. जमिनीवर सांगाडा पूर्ण मापाचा आखायचा, त्याच्यावर खरी लाकडं मांडायची, ओळंबा सोडून जोड उतरवून घ्यायचे. लाकूड वाकडं असलं तरी जोड बिनचूक बसायचा, कारण तो त्या लाकडाचा स्वतःचा होता. तोटा असा, की प्रत्येक खांब आपल्याच जागी जायचा. म्हणून लाकडांवर खुणा कोरत. त्या जुन्या कोठारांत अजून दिसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेतल्या सुतारांनी यावर एक तोड काढली. ओबडधोबड तुळईच्या आत एक सरळ, गुण्यातली, म्हणजे नेमक्या काटकोनातली तुळई आहे असं मनाशी धरायचं आणि सगळे जोड त्या कल्पनेतल्या तुळईपर्यंत खोल घ्यायचे. मग कुठलाही खांब कुठेही बसतो, आणि अख्खा सांगाडा आधी जमिनीवर मांडायची गरज उरत नाही. संगणकावरच्या मॉडेलचा खरा पूर्वज शोधायचा तर मी कॅथेड्रलपेक्षा या सुतारांकडे बोट दाखवेन. पडद्यावरचं लाकूड तेच आहे : खडबडीत ओंडक्याच्या आतलं कल्पनेतलं सरळ लाकूड.

मधल्या काळातलं थोडक्यात सांगतो. एखादी वस्तू वरून आणि समोरून, दोन जुळत्या चित्रांत नेमकी मांडायचं शास्त्र फ्रान्समधल्या एका लष्करी शाळेत अठराव्या शतकात तयार झालं. बरीच वर्षं ते गुपित ठेवलं गेलं आणि शतकाच्या अखेरीस छापलं गेलं. १८२२ मध्ये केंब्रिजमधल्या एका प्राध्यापकाने सममितीय चित्राची, म्हणजे आयसोमेट्रिकची पद्धत मांडली. तिची खुबी अशी, की लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांना एकच माप चालतं. वहीत खुराडं ‘कोनातून’ काढताना आपण अजून हीच पद्धत वापरतो. १८४२ मध्ये ब्लू प्रिंटची रासायनिक युक्ती सापडली, नकलांसाठी ती पुढे काही दशकांनी रुळली. या नकला पाण्यात धुवाव्या लागत, आणि धुतलेला कागद आकसतो. चित्रावर पट्टी ठेवून माप घेऊ नये, लिहिलेला आकडाच धरावा, हा नियम अशा कागदांनी आणखी घट्ट केला. विसाव्या शतकात शेतकी विद्यापीठांनी आणि सरकारी खात्यांनी गोठ्या-कोठारांचे तयार नकाशे शेतकऱ्यांना वाटले. ते चांगले होते, पण ते कुणा दुसऱ्याच्या जागेसाठी काढलेले असत.

आता संगणक. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने प्रबंधासाठी एक प्रणाली लिहिली. प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेघ काढायची आणि या दोन रेघा समांतर ठेव, या सारख्या लांबीच्या ठेव असं यंत्राला सांगायचं. हाताच्या चित्रात काटकोन आपण नुसता ठरवतो. तिथे तो यंत्राने पाळायचा होता. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड हे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर आलं आणि हे काम टेबलावरच्या साध्या संगणकावर उतरलं. तिथे एक गोष्ट शांतपणे बदलली, तिची फारशी चर्चा होत नाही. ऑटोकॅडमध्ये रेघ खऱ्या मापाची काढायची असते. तीन मीटरची भिंत तीन मीटरचीच. लहान करायचं ते फक्त कागदावर छापताना. १९९० च्या आवृत्तीत तर छपाईच्या कागदाला स्वतंत्र जागाच दिली गेली : एकीकडे मॉडेल खऱ्या मापात, दुसरीकडे कागद हव्या त्या प्रमाणात. कागदाने लांब नेलेलं चित्र पुन्हा गिलाव्याच्या जमिनीसारखं एकास एक झालं.

इथे शब्दांचा जो गुंता होतो तो सोडवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण नवख्यांच्या बहुतेक चुका याच एका शब्दापाशी होतात. मराठीत ‘स्केल’ म्हणजे आधी फूटपट्टी. ‘स्केलने काढ’ म्हटलं की एक जण सरळ रेघ मारतो आणि दुसरा एक सेंटिमीटरला अर्धा मीटर धरून काढतो. दोघांनाही आपण सांगितलेलं केलं असंच वाटतं. पहिल्याचं चित्र नीटनेटकं दिसतं आणि त्यावरून काहीच मोजता येत नाही. दुसऱ्याचं वेडंवाकडं असलं तरी दार उघडताना खांबाला अडतंय हे त्यात दिसतं. चौकटीच्या वहीत मोकळ्या हाताने, पट्टीशिवाय, पण चौकटी मोजून काढलेलं चित्र पुष्कळदा सर्वांत उपयोगी ठरतं ते यामुळे. पट्टी नसूनही ते स्केलमध्ये असतं.

संगणकात याच शब्दाला तिसरा अर्थ येऊन चिकटतो. ‘स्केल’ नावाचा एक आदेश असतो, तो वस्तू ताणतो किंवा आकसतो. दोन मीटरचं खुराडं तीन मीटरचं हवं म्हणून अख्ख्या मॉडेलवर हा आदेश चालवला, की खुराडं दीडपट होतं, पण लाकूडही दीडपट होतं. ५० मिलिमीटरची पट्टी ७५ ची होते, दाराची कडी वाढते, कोंबड्यांचं भोकही वाढतं. पडद्यावर सगळं प्रमाणबद्ध दिसत असल्याने चूक डोळ्यांना खटकत नाही. ती लाकूड कापायच्या यादीत उगवते, किंवा लाकूड आणल्यावर. लांबी बदलायची तर घटक हलवायचे असतात, ताणायचे नसतात. चौथा अर्थ छपाईचा : मॉडेल खऱ्या मापात, कागद १:२० ला. ‘स्केल काय ठेवलंस?’ असं विचारलं की मॉडेल करणारा गोंधळतो, कारण त्याच्यालेखी मॉडेलला स्केल नसतंच. ‘प्रमाण’ हा आपला शब्द वापरावा तर त्याला पुराव्याचाही अर्थ आहे आणि मानकाचाही. मला तरी तो शब्द इथे चपखल वाटतो. पण कामाच्या जागी कुणी तो म्हणत नाही, म्हणून आग्रह धरत नाही. निदान ‘पट्टी’, ‘प्रमाण’, ‘ताणणं’ आणि ‘छपाईचं माप’ असे चार वेगळे शब्द तोंडात ठेवले तर अर्धे तंटे टळतात.

याच्याच शेजारचा आणखी एक घोळ बाजारात लाकडाला जे नाव असतं त्याचा. उत्तर अमेरिकी मापातली ‘दोन बाय चार’ पट्टी रंधल्यावर ३८ बाय ८९ मिलिमीटरची असते. त्या पद्धतीचा नकाशा उतरवून नावाचंच माप मॉडेलमध्ये भरलं, तर प्रत्येक पट्टी साधारण बारा-तेरा मिलिमीटरने जाड धरली जाते आणि चार पट्ट्या एकमेकींवर आल्या की पाच सेंटिमीटर कमी पडतात.

घरगुती बांधणाऱ्यांपर्यंत त्रिमितीय मॉडेल पोचलं ते स्केचअपमुळे. ते २००० साली आलं. सपाट आकार काढायचा, पकडून ओढायचा, की खोका उभा. २००६ मध्ये एका मोठ्या शोधयंत्र कंपनीने ते विकत घेतलं आणि एक आवृत्ती फुकट दिली. जगाच्या त्रिमितीय नकाशावर लोकांनी इमारती उभ्या कराव्यात हा हेतू होता. लोकांनी त्यात इमारतींसोबत गोठे, शेड आणि माळेही उभे केले. एरवी वहीत न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. वरून पाहिल्यावर दोन मीटर दिसणारा वासा तीस अंशांच्या उतारावर जवळजवळ २.३१ मीटर लागतो, हे आता गणित न करता कळत होतं. प्लायवूडचा पत्रा १२२० बाय २४४० चा, म्हणून १३०० रुंदीची भिंत म्हणजे वाया जाणारी पट्टी, हे आधी दिसत होतं. जागा, तारीख आणि वेळ दिली की हिवाळ्यातल्या सकाळी हरितगृहावर घराची सावली पडते का, तेही.

२०१२ मध्ये ते मोजणीची उपकरणं करणाऱ्या एका कंपनीकडे गेलं. २०१७ ची आवृत्ती ही संगणकावर उतरवून चालणारी शेवटची फुकट आवृत्ती ठरली. त्यापुढची फुकट सोय ब्राउझरमध्ये आहे आणि तिथे बाहेरची जोडसाधनं चालत नाहीत, म्हणजे कापायची यादी आपोआप काढून देणारीही नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये एकदाच पैसे भरून मिळणारा कायमचा परवानाही विकणं थांबलं. त्याच सुमारास फ्यूजन ३६० या दुसऱ्या मॉडेल-साधनाच्या फुकट वापरालाही एका वेळी बदलता येणाऱ्या दहा फायलींची मर्यादा आली. कंपन्यांची बाजू आहे. सॉफ्टवेअर सांभाळायला खर्च येतो. पण चांगली बांधलेली शेड तीस वर्षं उभी राहते. पंधराव्या वर्षी छप्पर बदलताना तिची फाईल उघडली पाहिजे, आणि भाड्याच्या साधनात तो भरवसा राहत नाही. म्हणून या काळात बरेच जण २००२ पासून चालत आलेल्या मुक्त फ्रीकॅडकडे वळले. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. ते शिकायला कठीण आहे, तरी आवारातल्या कामासाठी मी तेच सुचवतो. आणि प्रत्येक मॉडेलचा मापं लिहिलेला एक कागद घरात ठेवावा, हेही.

वहीतलं चित्र या सगळ्यात टिकलं ते सवयीमुळे टिकलं असं मला वाटत नाही. मॉडेल पहिल्या रेघेलाच आकडा मागतं. ‘इथे कुठेतरी दार’ असं त्याला सांगता येत नाही, पेन्सिलीला येतं. वारा कुठून येतो, पाणी कुठे साचतं, चाऱ्याची गाडी कुठून वळते, हे बाणांनी दाखवता येतं आणि दहा मिनिटांत पाच पर्याय खोडता येतात. घाईने मॉडेल केलं की पहिल्याच पर्यायावर जीव जडतो, कारण त्यावर संध्याकाळ खर्ची पडलेली असते. शिवाय अशा साध्या मॉडेलला वजन कळत नाही. आधाराशिवाय आढं हवेत तरंगतं आणि पडदा तक्रार करत नाही. कुठला वासा किती भार घेईल हे तक्त्यावरून किंवा जाणत्याकडून वेगळं ठरवावं लागतं. वाकड्या गोल लाकडाच्या बांधकामात तर मॉडेलने ढोबळ सांगाडा द्यावा आणि जोड जमिनीवरच, ओळंब्याने उतरवावे.

अलीकडे एक जुनी पद्धत नव्या रूपात दिसते. वाशाची भिंतीवर बसणारी खाच मॉडेलमधून खऱ्या मापात, अनेक कागदांवर छापायची, कागद चिकटवायचे आणि तो फर्मा लाकडावर ठेवून आखायचं. छपाईयंत्र पान बसवण्यासाठी चित्र गुपचूप थोडं लहान करतं, आणि मग दोन मीटरच्या वाशावर सहा-सात सेंटिमीटरचा फरक सहज पडू शकतो. म्हणून फर्म्याच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा एक चौकोन काढतात, आणि करवत हातात घेण्याआधी त्या चौकोनावर फूटपट्टी ठेवून बघतात.