कार्पिन्तेरियाची लढाई

कार्पिन्तेरियाची लढाई : उरुग्वेतील यादवी संघर्षातील एक छोटी लढाई. आजच्या दुरास्नो प्रांतातील कार्पिन्तेरिया ओढ्याच्या काठी १९ सप्टेंबर १८३६ रोजी ती झाली. राष्ट्राध्यक्ष मानुएल ओरिबे यांच्या सैन्याने तीत माजी राष्ट्राध्यक्ष फ्रुक्तुओसो रिवेरा यांच्या बंडखोरांचा पराभव केला. लष्करी दृष्ट्या तिचे महत्त्व बेताचेच आहे, कारण तिने बंड संपले नाही. तिचे नाव टिकले ते त्या दिवशी दोन्ही बाजूंनी धारण केलेल्या फितींच्या रंगांमुळे.

ब्राझील व अर्जेंटिना यांच्यातील युद्धानंतर १८२८ च्या तहाने उरुग्वे स्वतंत्र झाला आणि १८३० मध्ये संविधान लागू होऊन रिवेरा पहिले संवैधानिक राष्ट्राध्यक्ष झाले. ग्रामीण भागातील घोडेस्वार गाउचोंवर त्यांची विलक्षण पकड होती. त्यांच्या कारकिर्दीत हुआन आंतोनियो लावायेहा यांनी वारंवार उठाव केले, तेव्हा ओरिबे सरकारच्याच बाजूने उभे राहिले व पुढे युद्धमंत्री झाले. १८३५ मध्ये तेच राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. रिवेरा यांनी मात्र ग्रामीण भागाचे सरसेनापतिपद स्वतःकडे ठेवले होते, त्यामुळे राजधानी माँतेव्हिदेओत एक सत्ता आणि बाहेरच्या कुरणप्रदेशात दुसरी अशी स्थिती निर्माण झाली. ओरिबे यांनी मागील कारभारातील पैशांच्या व्यवहारांची चौकशी सुरू केली, १८३६ च्या आरंभी ते सेनापतिपद रद्द केले आणि लावायेहा यांच्या अनुयायांना माफी दिली. जुलैमध्ये रिवेरा यांनी बंड पुकारले. या वादाच्या मुळाशी तत्त्वांपेक्षा व्यक्तिनिष्ठा अधिक होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट उलगडत नाही.

दोन्ही बाजूंचे लोक एकाच देशाचे, एकाच पेहरावाचे आणि एकाच भाषेचे होते, त्यामुळे आपला कोण व परका कोण हे ओळखणे कठीण होते. १० ऑगस्ट १८३६ च्या हुकमाने ओरिबे यांनी सैनिक व सरकारी नोकर यांना ‘कायद्याचे रक्षक’ अशा अर्थाची अक्षरे असलेली पांढरी फीत लावणे सक्तीचे केले. रिवेरा यांच्या लोकांनी आधी राष्ट्रध्वजातील आकाशी रंग घेतला होता. तो उन्हापावसात विटू लागल्याने त्यांनी पोंचोच्या, म्हणजे डोक्यातून घालायच्या सैल पांघरुणाच्या, अस्तराचे तांबडे कापड फाडून फिती केल्या, असे परंपरेने सांगितले जाते. तांबडा हा शेजारच्या अर्जेंटिनातील हुकूमशहा हुआन मानुएल दे रोसास यांच्या पक्षाचाही रंग होता, आणि रिवेरा तर पुढे रोसास यांचे कट्टर शत्रू ठरले. तेव्हा दोन्ही देशांमधील ला प्लाता नदीच्या एका तीरावरच्या रंगाचा अर्थ दुसऱ्या तीरावर लावता येत नाही.

लढाईत सरकारी फौजेचे नेतृत्व राष्ट्राध्यक्षांचे बंधू इग्नासियो ओरिबे यांच्याकडे होते आणि पूर्वीचे बंडखोर लावायेहा आता त्यांच्या बाजूने लढत होते. रिवेरा यांच्यासोबत रोसास यांच्या राजवटीला विरोध करून परागंदा झालेले अर्जेंटिनी सेनानी हुआन लावाये होते. हार होताच रिवेरा यांनी सरहद्द ओलांडून ब्राझीलचा रिओ ग्रांदे दो सुल हा प्रांत गाठला. तेथेही त्या वेळी फारापोस बंडखोरांचे युद्ध पेटलेले होते.

१८३७ मध्ये रिवेरा परतले. जय-पराजयाच्या काही फेऱ्यांनंतर जून १८३८ मध्ये पाल्मार येथे त्यांनी निर्णायक विजय मिळवला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओरिबे राजीनामा देऊन बुएनोस आयरेसला रोसास यांच्या आश्रयास गेले. त्यातून १८३९ ते १८५१ असे चाललेले ‘महायुद्ध’ उद्भवले. त्यात ओरिबे यांनी १८४३ पासून माँतेव्हिदेओला घातलेला वेढा आठ वर्षांहून अधिक काळ टिकला. ‘ना कोणी जेता, ना कोणी जित’ या सूत्रावर तो उठला, तरी फितींनी पाडलेली फूट तशीच राहिली.

पांढऱ्या फितीवाल्यांचा ब्लांको, म्हणजेच राष्ट्रीय पक्ष झाला आणि तांबड्या फितीवाल्यांचा कोलोरादो पक्ष. सर्वसाधारणपणे पहिल्याचा आधार ग्रामीण जमीनदारवर्गात, तर दुसऱ्याचा माँतेव्हिदेओ शहरात राहिला. पण कित्येक घराण्यांत पक्ष हा वडिलार्जित वारशासारखाच पुढच्या पिढीकडे येई. त्यांच्यातील शेवटचे मोठे सशस्त्र युद्ध १९०४ मध्ये मासोयेर येथे ब्लांको नेते आपारिसियो साराविया प्राणघातक जखमी झाल्यावर संपले. दोन्ही पक्ष आजही उरुग्वेच्या संसदेत आहेत. राष्ट्रीय पक्ष आपली स्थापना १० ऑगस्ट १८३६ पासून, म्हणजे पांढऱ्या फितीच्या हुकमाच्या दिवसापासून मोजतो.