चाचणीच्या पोटातल्या चाचण्या

गर्भाशयाच्या अस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रियमचा कॅन्सर बहुतेकदा वेळेत सापडतो. पाळी कायमची गेल्यावर अंगावरून पुन्हा रक्त जायला लागलं की बाई डॉक्टरकडे जाते, आणि तिथे निदान होतं. कॅन्सर गर्भाशयाबाहेर पसरलेला नसेल तर निदानानंतर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण अमेरिकेच्या आकडेवारीत सुमारे 95 टक्के आहे. 2022 मध्ये जगभरात या कॅन्सरचे सुमारे 4 लाख 20 हजार नवे रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या बहुसंख्य बायका बऱ्या होऊन पुढे अनेक वर्षं जगणार आहेत. पण त्यांची तब्येत पुढे कशी राहते?

अमेरिकेतल्या 33 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. या बायकांच्या मृत्यूंमध्ये सर्वांत मोठा वाटा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा निघाला, कॅन्सरचा नव्हे. यात फारसं नवल नाही. पाळी गेल्यावर बीजांडकोश इस्ट्रोजेन, म्हणजे अस्तराच्या पेशी वाढवणारं हार्मोन, जवळजवळ बनवत नाहीत, ते काम चरबीच्या पेशी करतात. त्याला लगाम घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र तेव्हा नसतं, त्यामुळे अस्तराच्या पेशी वाढत राहतात. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 5 ने वाढला की या कॅन्सरचा धोका दीडपटीच्याही वर जातो. हीच जादा चरबी मधुमेह आणि रक्तदाबही घेऊन येते. कॅन्सर शस्त्रक्रियेने निघून जातो, चरबी जागच्या जागी राहते.

म्हणून बऱ्या झालेल्या बायकांसाठी आहार-व्यायामाच्या चाचण्या सुरू झाल्या. ‘सक्सीड’ ही त्यातली एक, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेली. वजन जास्त असलेल्या 75 बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला सहा महिने आहार-व्यायामाचं मार्गदर्शन, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. वर्षअखेरीस दोन गटांच्या वजनात सरासरी साडेचार किलोंच्या आसपास फरक पडला. मुख्य प्रश्नाचं उत्तर मिळालं.

पण एवढ्या बायका तपासायला येतात, वजन करतात, रक्त देतात, प्रश्नावल्या भरतात. एवढं सगळं उभं केल्यावर फक्त किलो मोजून त्यांना घरी पाठवणं म्हणजे मला तरी उधळपट्टी वाटते. म्हणून मुख्य चाचणीला जोडून उपअभ्यास आखले जातात. त्याच रक्तात इन्सुलिन आणि दाह दाखवणारी प्रथिनं किती बदलली, झोप सुधारली का, आपण व्यायाम करू शकू असं ज्या सकाळी बाईला वाटतं त्या दिवशी ती खरोखर जास्त चालते का. खाद्यपदार्थांची चित्रं दाखवून मेंदूचे स्कॅन काढणारे अभ्यासही झाले आहेत. खर्च वेगळ्या चाचणीच्या मानाने थोडा येतो, कारण माणसं आधीच जमलेली असतात.

याच कॅन्सरच्या ‘पोर्टेक-3’ चाचणीत अशा जोडअभ्यासांचं मोल सगळ्यांत स्पष्ट दिसतं. ही चाचणी जीवनशैलीची नव्हती, उपचारांची होती. 2006 ते 2013 या काळात दाखल झालेल्यांपैकी, कॅन्सर उलटण्याचा धोका जास्त असलेल्या 660 बायका निकालाच्या हिशेबात धरल्या गेल्या. शस्त्रक्रियेनंतर निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना रेडिएशनसोबत केमोथेरपी. पाच वर्षांनी हयात असणाऱ्या केमो गटात 81.4 टक्के, दुसऱ्या गटात 76.1 टक्के. फरक होता, पण लहान. शंभर जणींना केमो दिल्यावर साधारण पाच जणींना फायदा होत असेल, तर त्या पाच कोण?

आता दोन उपअभ्यास पाहू. पहिला प्रश्नावलीचा. ‘गेल्या आठवड्यात हातापायांना मुंग्या आल्या का, बधिरपणा जाणवला का?’ उत्तराला चार पर्याय: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. उपचारांना दोन वर्षं झाल्यावरही केमो घेतलेल्यांपैकी 25 टक्के बायकांना हा त्रास तीव्र होता, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांमध्ये 6 टक्क्यांना. शर्टाचं बटण लावताना बोटांना ते जाणवतच नसेल, तर हयातीच्या टक्केवारीत त्याची नोंद कुठेच होत नाही.

दुसरा उपअभ्यास पॅथॉलॉजीच्या कपाटातला. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून वर्षानुवर्षं जपतात. त्याचा केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेता येतो, त्यातून डीएनएही मिळतो. 410 बायकांच्या ठोकळ्यांवरून गाठींचे चार रेण्वीय प्रकार, म्हणजे जनुकं आणि प्रथिनांतल्या बदलांवरून ठरणारे प्रकार, पाडले. 2020 मध्ये निकाल आला. पी-53 हे प्रथिन बिघडलेल्या गाठींमध्ये कॅन्सर न उलटता पाच वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशनने 36 टक्के, केमो जोडल्यावर 59 टक्के. पोल या जनुकात बदल असलेल्या गाठींमध्ये मात्र केमो द्या न द्या, जवळजवळ कुणाचाच कॅन्सर उलटला नाही. आणि सूक्ष्मदर्शकाखाली या पोलवाल्या गाठी बऱ्याचदा चांगल्याच उग्र दिसतात, त्यामुळे त्या बायकांवर जड उपचार होत आले होते! मुंग्यांचे आकडे या निकालाशेजारी ठेवून वाचले की चित्र आणखी बोचतं.

तरी उपअभ्यासांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. 660 पैकी 410 जणींचेच नमुने तपासले गेले. चारांत विभागल्यावर एकेका गटात संख्या रोडावते, आणि चिठ्ठ्या टाकताना हे गट कुणाच्या मनातही नव्हते. शिवाय एकाच माहितीला वीस स्वतंत्र प्रश्न विचारले आणि प्रत्येकी 5 टक्के चुकीची मुभा दिली, तर निदान एक खोटा ‘शोध’ हाती लागण्याची शक्यता 64 टक्के असते. वर्तमानपत्रांतल्या ‘अमुक खाल्ल्याने तमुक टळतं’ छापाच्या कितीतरी बातम्या अशाच जन्माला येत असाव्यात. म्हणून कोणता प्रश्न आधी ठरवला होता आणि कोणता माहिती पाहिल्यावर सुचला, हे उघड सांगावं लागतं.

संमतीचाही मुद्दा आहे. आहार-व्यायामाला हो म्हणणारी बाई आपला ठोकळा किंवा रक्त जनुकीय तपासणीला द्यायला तयार असेलच असं नाही. अशा जादा अभ्यासासाठी तिची वेगळी संमती घेतात, आणि ती नको म्हणाली तरी मुख्य चाचणीत राहू शकते.

पोर्टेक-3 च्या ठोकळ्यांनंतर ‘रेनबो’ नावाने चार चाचण्या आखल्या गेल्या, प्रत्येक रेण्वीय प्रकाराला एक. तिथे गाठीचा प्रकार आधी तपासतात आणि मग बाई कोणत्या चाचणीत जाईल ते ठरतं. पोलच्या चाचणीत उपचार कमी केले जातात, काही जणींना तर शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनही देत नाहीत.